सपाट तळाच्या त्रेचाळीस सुरया

३ ऑक्टोबर

ठिणगीने आज दोन वह्या आणून माझ्या टेबलावर ठेवल्या. एक जाड, एक बारीक.

"बाबा, जाडी इतिहासाची. पंचाहत्तर वर्षं, चाळीस पानं, पंधरा डिसेंबरपर्यंत छापखान्यात. बारकी तुमच्या मनातल्यासाठी."

"दोन कशाला?"

"एकाच वहीत लिहिलंत तर पहिल्या पानावर भट्टी पेटेल आणि चाळिसाव्या पानावर नुसता चंद्र उगवत असेल."

ठिणगी माझी मुलगी. लहानपणी भट्टीभोवती इतकी उडायची की कारखान्यातल्या माणसांनी हे नाव ठेवलं. आता ती त्रेचाळीस वर्षांची आहे, कारखाना तीच चालवते, आणि तरीही सगळे ठिणगीच म्हणतात. तिची आई तेवढी खऱ्या नावाने हाक मारायची. ती जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून या घरात ते नाव कोणी उच्चारलेलं नाही.

तर ही बारीक वही. हिच्यात काय लिहायचं? माझा दिवस असा : विक्रीच्या दालनामागे आमचं जुनं घर, त्यात वरच्या मजल्यावर माझी खोली. खिडकीतून भट्टीचं धुराडं दिसतं. बाराला ठिणगीच्या घरून डबा येतो. डबा रिकामा करून, धुऊन, मी तो दाराशी ठेवतो. तो उचलायला जो येतो त्याच्याशी हवापाण्यावर बोलतो. तो घाईत असतो.

७ ऑक्टोबर

जाड वहीचं पहिलं पान झालं. खरं तर चार वेळा झालं. शाळेत आम्हाला कवितेचे एक गुरुजी होते. छडी खिडकीत ठेवायचे आणि बोटांच्या पेरांवर मात्रा मोजून घ्यायचे. "पद्य पाठ करा रे, गद्य आपोआप सुधारतं," म्हणायचे. माझं गद्य काही सुधारलं नाही. पहिलं वाक्य लिहिलं की ते आपोआप भुजंगप्रयातात पळायला लागतं.

निदान मुद्द्याचं तरी इथे नीट मांडून ठेवतो. आम्ही सुरया बनवतो. वीतभर उंच, लांब मानेच्या, काचेच्या. त्यांच्यात पाणी कोणी ठेवत नाही, फूलही मावत नाही. त्या नुसत्या बघायच्या. दर वर्षी एक नवा रंग आणि मोजक्याच सुरया. माणसं त्या वर्षांप्रमाणे जमवतात, आणि एखादं वर्ष हुकलं तर आयुष्यातलं वर्ष हुकल्यासारखी हळहळतात. कारखाना वडिलांनी काढला. तो माझ्याहून एका वर्षाने मोठा. वडील म्हणायचे, "माझं थोरलं पोर भट्टीत आहे. तू मधला."

आणि मग धाकटा. माझा भाऊ.

कारखान्यात माझी कामं दोनच. सुरईच्या तळाशी, जिथे फुंकायच्या नळीपासून तोडल्याचा ओबडधोबड वण राहतो (आम्ही त्याला बेंबी म्हणतो), त्या बेंबीशेजारी हिऱ्याच्या टोकाने घराण्याची खूण कोरायची : एक वर्तुळ आणि मधे टिंब. आणि पेटीत ठेवायच्या चिठ्ठीवर दोन ओळी रचायच्या. चिठ्ठ्या मी एक्कावन्न वर्षं लिहितो आहे, खूण वडील गेल्यापासून कोरतो आहे. लोक सुरया ठेवतात. चिठ्ठ्यांचं काय करतात ते मी कधी विचारलं नाही.

१२ ऑक्टोबर

पंचाहत्तराव्या वर्षाची सुरई धुक्याच्या रंगात करायची, असं ठिणगीने ठरवलं. धुक्याचा रंग आम्ही फक्त एकदाच केला होता, छत्तीस वर्षांपूर्वी, वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी. करडा म्हणावा तर निळा, निळा म्हणावा तर नाही. पहाटे तळ्यावर असतो तसा. त्रेचाळीस सुरया झाल्या होत्या. त्यांचा तळ सपाट आहे, आरशासारखा घासलेला. बेंबी नाही, खूण नाही. जमवणारे त्यांना 'सपाट तळाच्या' म्हणतात आणि त्यांच्यासाठी जीव टाकतात.

"रंगाचं मिश्रण कुठे लिहिलंय?" ठिणगीने विचारलं.

"आजोबांच्या वहीत असणार."

"असणार की आहे?"

"अगं, रंग सगळे त्यांचेच."

ती काही बोलली नाही. तिच्या आईचीही अशीच सवय होती. गप्प बसून माणसाला पुन्हा विचार करायला लावायची.

१९ ऑक्टोबर

धुक्याचा पहिला घाणा बिघडला. काच चहासारखी तपकिरी आली. पैलवानाने दोन सुरया फुंकून पाहिल्या आणि नळी टेकवून बसला. पैलवान आमचा आताचा मुख्य फुंकणारा. वाऱ्याने उडेल असा किडकिडीत आहे, म्हणून पैलवान.

"काका, याला धुकं म्हणायचं तर आधी धुक्याला कावीळ व्हायला पाहिजे," तो म्हणाला.

ठिणगी फोन घेऊन अंगणात गेली. बराच वेळ बोलत होती. हल्ली ती भट्टीच्या कामासाठी कुठल्याशा सल्लागाराला विचारत असते. दर गुरुवारी, रविवारी तर ठरलेलं. मला राग येत नाही. पण घरात एक म्हातारा माणूस आहे, त्यालाही कधी विचारावं, एवढंच.

परत आली ती हसत. "पैलवान, भट्टीचं तोंड थोडं आवळ. हवा कमी जाऊ दे. आणि आज तिला हात लावू नकोस. काच रुसली की तिची समजूत काढायची नाही, तिला एकटं सोडायचं."

काच रुसली! हे आमच्या घरातलं बोलणं. मी तर कधी म्हणत नाही. मग हिला कुठून आलं? रक्तातच असतं हो. मला फार बरं वाटलं. जाड वहीत लिहून ठेवलं : 'पिढ्यांची भाषा पिढ्यांत वाहते.'

२ नोव्हेंबर

आज डॉक्टरीणबाई आल्या. दातांच्या डॉक्टर, आता निवृत्त. त्यांच्याकडे आमच्या बासष्ट सुरया आहेत. त्यांच्या यजमानांनी एकदा विचारलं होतं म्हणे, घरात मी राहू की सुरया? त्यांनी जागा मोजून सांगते म्हटलं होतं.

धुक्याची सुरई कापसात गुंडाळून आणली होती. मी तिला छत्तीस वर्षांनी हातात घेतलं. मान बघावी ती तिची. राजहंसासारखी लिहिणार होतो, पण ती राजहंसासारखी नाही. एखादं मूल हाक ऐकून जरासं वळतं, तशी आहे.

"तुम्ही इतिहास लिहिताय, म्हणून विचारते," त्या म्हणाल्या. "हा सपाट तळ कोणी सुरू केला?"

मी म्हटलं, "तो एक सौंदर्यविचार होता. आकृतीला निखळ पाया असावा असा."

"मग पुढच्या वर्षी बेंबी परत का आली?"

मी चष्मा पुसला.

"बरं, हे बघा." त्यांनी सुरई उलटी करून खिडकीच्या उन्हात तिरकी धरली. दात तपासणारी माणसं, त्यांच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. "इथे काहीतरी ओरखडा आहे. तीन रेघा. चिमणीच्या पावलासारख्या. घासून काढल्यात, पण एक खोल गेलेली, ती राहिली. माझ्या मैत्रिणीकडच्या सुरईवरही आहे. काय असेल?"

"काचेत असे दोष असतात."

"दोन्हीत एकच दोष?"

ठिणगी दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. म्हणाली, "बाबा सांगतील. पुस्तकात असेल ते. हो ना, बाबा?"

३ नोव्हेंबर

लिहिलं नाही.

९ नोव्हेंबर

वडिलांची वही पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. तीन दिवस लागले, अक्षर मुंगीसारखं. समुद्राचा हिरवा आहे, मधाचा आहे, डाळिंबाचा आहे. धुक्याचा नाही.

म्हणजे तो धाकट्याचा. मला हे माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. माहीत असलेली गोष्ट एखाद्या खोलीत ठेवून दार लावून घ्यावं आणि मग त्या खोलीकडे आपलं कधी कामच पडू नये, तसं झालं.

जाड वहीत धाकट्याबद्दल आतापर्यंत एवढंच आहे : 'संस्थापकांचे कनिष्ठ चिरंजीव यांनीही काही काळ कारखान्यास हातभार लावला व पुढे प्रकृतीच्या कारणास्तव अन्यत्र काम पत्करले.' वाक्य गोल झालं आहे. पण खरं सांगायचं तर धाकट्याची प्रकृती घोड्यासारखी होती. वडिलांच्या शेवटच्या अकरा वर्षांतली प्रत्येक सुरई त्याने फुंकलेली आहे. मी एकही फुंकलेली नाही. एकदा प्रयत्न केला होता, तर नळीच्या टोकाला वांगं झालं.

सोडून गेल्यावर तो प्रयोगशाळांसाठी काचेच्या नळ्या करणाऱ्या कारखान्यात लागला, एवढं कुणाकडून तरी कळलं. तिथे सगळ्या नळ्या सारख्याच लागतात म्हणे. एकीची मान दुसरीहून वेगळी झाली तर फेकून देतात.

१७ नोव्हेंबर

धुकं आलं! पाचव्या घाण्याला. पैलवानाने पहिली सुरई वर धरली आणि भट्टीवरची सगळी माणसं हातातलं काम टाकून गोळा झाली. ठिणगी मला हाताला धरून घेऊन गेली. "बघा," म्हणाली.

दुपारी ती माझ्या टेबलावर तिचा फोन विसरून खाली गेली. फोन वाजला. सल्लागार असेल, कळवावं त्याला, रंग आला म्हणून, अशा विचाराने मी हात पुढे केला.

पडद्यावर लिहिलं होतं : काका.

तिला काका एकच.

फोन वाजत राहिला. मी बघत राहिलो. थांबला. पुन्हा वाजला. तो नेहमीच असा. एकदा दार वाजवून उघडलं नाही तर परत जायचा नाही. दुसऱ्यांदा थांबल्यावर मी फोन पालथा ठेवला, जसं काही मी पाहिलंच नाही.

१८ नोव्हेंबर

विचारलं. सकाळी डब्याआधीच ती आली होती, तेव्हा.

"किती दिवस?"

तिने 'काय किती दिवस' असं विचारलं नाही. "अकरा वर्षं. कारखाना हातात घेतला त्या महिन्यापासून. मला काही येत होतं का बाबा? तुम्ही मला चिठ्ठ्यांच्या ओळी समजावून सांगत होता. भट्टी कोण सांगणार होतं?"

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत? काका आहे की नाही एवढं तरी?"

"तो काय म्हणतो माझ्याबद्दल?"

"काही नाही म्हणत."

"काहीच नाही?"

"आधी आधी मी तुमचा विषय काढायची. तो म्हणायचा, भट्टीचं बोल."

मग ती खाली बसली, माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर, सातवीआठवीत बसायची तशी. "बाबा, हा इतिहास मी कुणाकडूनही लिहून घेतला असता. दोन आठवड्यांत झाला असता, आणि चंद्राशिवाय झाला असता. तुम्हाला का सांगितलं?"

"माझं अक्षर चांगलं आहे म्हणून."

ती हसली. मग तिचे डोळे भरले. मला वाटतं रात्रंदिवस भट्टीपाशी असल्याने तिला थकवा आला असावा. आठवडाभर विश्रांती घे म्हणून सांगितलं.

२५ नोव्हेंबर

हे कुठल्या वहीत लिहायचं कळेना. आधी इथे लिहितो.

वडिलांचा नियम होता : घर एक, खूण एक, आणि खूण थोरल्याच्या हातात. सुरई कोणीही फुंको, वर्तुळ आणि टिंब थोरला काढणार. वडील गेले आणि हिऱ्याचं टोक माझ्याकडे आलं. धाकट्याने त्या हिवाळ्यात आपला रंग काढला आणि त्रेचाळीस सुरया केल्या. मार्चमध्ये एकदा, चहा पिता पिता, सहज म्हणावं तसं म्हणाला, "दादा, या खेपेला बाजूला माझीही एखादी बारीक खूण काढू का?"

मी म्हटलं, "बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. पण त्याला ते 'हो' वाटलं असेल. किंवा नाही कळूनही त्याने काढली असेल. एप्रिलमध्ये तो भट्टीसाठी नवी मूस, म्हणजे काच वितळवायचं भांडं, आणायला चार दिवस बाहेरगावी गेला. मी खुणा कोरायला बसलो आणि पहिली सुरई उलटी केली. बेंबीशेजारी चिमणीचं पाऊल. दुसरी. तिसरी. सगळ्या त्रेचाळीस. अगदी बारीक होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. माझ्या वर्तुळासाठी जागा सोडून काढलेलं.

मी नियम मोडला जातोय म्हणून चिडलो, असं आजवर स्वतःला सांगत आलो. आज इथे कोणी नाही, म्हणून लिहितो. मला दुसरंच वाटलं होतं. चिमणीचं पाऊल सुरई करणाऱ्याचं आहे, हे कोणीही ओळखेल. मग शेजारच्या वर्तुळाकडे बोट दाखवून विचारतील, आणि हे कोणाचं?

मी दोन दिवस घासणीच्या चाकावर बसलो. वाळू, पाणी, चाक. बेंबीसकट सगळं सपाट केलं. माझे हात एरवी कोणत्याही कामात इतके चांगले चाललेले नाहीत. मग त्या सपाट काचेवर माझं वर्तुळ काढायचं धैर्य झालं नाही, म्हणून त्या तशाच राहिल्या.

धाकटा परत आला. मूस खाली ठेवली. एक सुरई उचलून उलटी केली. अंगठा फिरवला. दुसरी उचलली. अंगठा फिरवला. अकरा सुरयांपर्यंत गेला. प्रत्येक सुरई जिथली तिथे ठेवली, एकीचाही आवाज केला नाही. मग आत जाऊन पिशवी भरली.

३० नोव्हेंबर

जाड वहीतलं 'प्रकृतीच्या कारणास्तव' खोडलं. सव्वीस आणि सत्तावीस ही दोन पानं नव्याने लिहिली. रंग त्याचा, सुरया त्याच्या, चाक माझं. सगळं लिहिलं. तो गेला त्या दिवसाचं वर्णन मात्र जरा मनासारखं साधलं, ते इथे उतरवून ठेवतो : 'मागे वळूनही न पाहता, डोळ्यांतले पाणी डोळ्यांतच जिरवीत, तो स्वतःच घडविलेल्या धुक्यात पावलापावलाने विरून गेला.'

वाचताना मलाच भरून आलं.

४ डिसेंबर

पानं ठिणगीला दिली. तिने माझ्यासमोर उभ्याने वाचली. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचली. "हे काकांना पाठवू?" म्हणाली.

"त्याच्यासाठी नाही लिहिलं. पुस्तकासाठी लिहिलंय."

"पाठवू का?"

"बघू," म्हटलं, आणि माझं मलाच ऐकू आलं. "पाठव."

संध्याकाळी पैलवान मुद्दाम खोलीवर आला. कारखान्यात बातमी भट्टीच्या धगीपेक्षा लवकर पोचते. टोपी काढून म्हणाला, "काका, सपाट तळ हा आपल्या कारखान्यातला सगळ्यात भारी नमुना, असं मी गेली वीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतोय."

"मग?"

"मग काही नाही. सुरया भारीच आहेत. तळाचं तेवढं बोलणार नाही आता."

९ डिसेंबर

पाच दिवस झाले. फोन नाही. ठिणगीला विचारावंसं वाटतं, पण ती समोर आली की मी डब्याचं बोलतो. गुरुवार होऊन गेला, त्याने तिला फोन केला असणारच.

खोलीतल्या फोनची घंटा बिघडली आहे का, म्हणून पैलवानाला खालून एकदा वाजवून बघायला सांगितलं. वाजते.

१२ डिसेंबर

आज दुपारी अडीचला वाजला.

"हॅलो," मी म्हटलं.

"वाचलं," पलीकडून आवाज आला.

छत्तीस वर्षांनी पहिला शब्द. आवाज म्हातारा झालाय. माझाही झाला असेल, पण आपला आपल्याला कळत नाही. मी खूप काही ठरवून ठेवलं होतं. ते सगळं सोडून म्हणालो, "बरा आहेस ना?"

"गुडघे गेलेत. बाकी बरा. दादा, ते पान छापायला कधी जाणार?"

"परवा. म्हणजे... तू नको म्हणत असशील तर..."

"छाप की. चाकाचं लिहिलंयस ते बरोबर आहे. अकरा सुरयांचं पण बरोबर. तू दाराआडून मोजत होतास, माहीत होतं मला. पण शेवटचं काय लिहून ठेवलंयस? धुक्यात विरून गेला? अरे एप्रिल महिना होता. टाळू भाजत होती. धुकं कुठलं?"

"ते आपलं... प्रतिमा म्हणून."

"मला प्रतिमा करू नकोस. आणि मागे वळून पाहिलं नाही असं कोणी सांगितलं तुला?"

मी टेबलावरचं पेन उचलून पुन्हा खाली ठेवलं.

"दुपारी एकची गाडी होती, ती मी सोडली. मग दोनची सोडली. चारच्या गाडीत बसलो. तीन तास स्टँडवर होतो मी. बाकावर पत्रा नव्हता, सगळं ऊन. दुसरं करत काय होतो? मागे वळूनच बघत होतो. घरापासून दहा मिनिटं लागतात चालत. वाटलं, दादा येईल. शिव्या द्यायला का होईना, येईल."

खाली पैलवान कोणाला तरी हाका मारत होता. मला वाटलं त्याला गप्प करावं, पण फोन सोडवेना.

"तू कुठे होतास रे?" त्याने विचारलं. रागाने नाही. खरंच माहीत नसल्यासारखं.

मला आठवत होतं. इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं आणि आता लख्ख आठवत होतं. या खोलीत. याच टेबलाशी. पंखा लावून.

"घरातच होतो."

"काय करत होतास?"

"चिठ्ठी लिहीत होतो. त्या वर्षीच्या पेटीसाठी. तू गेलास, तर... तुझ्या जाण्यावर दोन ओळी सुचत होत्या. दुसऱ्या ओळीचं जमत नव्हतं. यमक शोधत होतो."

"तीन तास?"

"हो. चार वाजून गेले असतील."

पलीकडे भांडं हलवल्याचा आवाज आला. मग त्याने विचारलं,

"जुळलं का?"

"काय?"

"यमक."

"जुळलं."

"मग बरं," तो म्हणाला. आणि एक आवाज आला. तो हसला की खोकला, मला कळलं नाही. छत्तीस वर्षांपूर्वी कळलं असतं. मग म्हणाला, "चल, ठेवतो. गॅसवर दूध आहे."

मी रिसीव्हर हातात धरून किती वेळ बसलो माहीत नाही. डबा दाराशी ठेवायचा राहिला.

१३ डिसेंबर

सकाळी ठिणगीला पानं परत मागितली. ती म्हणाली, "आता आणखी काय लिहिणार?"

"लिहिणार नाही. कमी करणार."

अर्ध्या तासाचं काम होतं, मला दुपार झाली. धुकं काढलं. डोळ्यांतलं पाणी काढलं. 'पावलापावलाने' हा शब्द फार आवडता होता, तो काढताना पेन अडलं. जी जागा मोकळी झाली तिथे काही सुचू नये म्हणून खिडकी लावून घेतली.

ठिणगीने वाचलं. बराच वेळ त्या एका ओळीवर बोट ठेवून उभी राहिली. मग पानं पाकिटात घातली आणि स्वतःच छापखान्यात घेऊन गेली.

पान सत्तावीस, खालून चौथी ओळ, आता अशी आहे : 'त्या दिवशी दुपारी एकपासून चारपर्यंत माझा भाऊ स्टँडवर माझी वाट पाहत बसला होता. मी घरी होतो. मी गेलो नाही.'